महाविद्यालयाची मान्यता आणि विद्यार्थ्यांची फिर्याद

१९९३ साली ‘हिंदुस्थान टाइम्स’ या इंग्रजी दैनिकात पाटणा येथील एका दंतवैद्यक महाविद्यालयाच्या प्रवेशाची जाहिरात प्रसिद्ध झाली. ‘बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेज अँड हॉस्पिटल’ हे संस्थेचे नाव, बी. डी. एस. ही पदवी, चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि ही संस्था बोधगयेचे मगध विद्यापीठ व भारतीय दंत परिषद यांच्या अधीन चालते असा समज वाचणाऱ्याच्या मनात निःसंशय निर्माण व्हावा असा मजकूर. ज्या कुटुंबातील मुलाला वा मुलीला शासकीय महाविद्यालयात जागा मिळालेली नाही, परंतु ज्यांना आपल्या अपत्याने दंतवैद्य व्हावे अशी आस आहे आणि त्यासाठी साठवलेली पुंजी मोडण्याचीही ज्यांची तयारी आहे, त्या कुटुंबाने एक विद्यापीठ आणि एक केंद्रीय परिषद अशी दोन भारदस्त नावे वाचल्यावर आणखी काय विचारावे?

पुढे जे घडले ते थोडक्यात असे. १९९३-९४ च्या सत्रासाठी प्रवेश झाले, शुल्काच्या पावत्या फाटल्या. परंतु वर्षाअखेरीस व्हावयाची परीक्षा काही झाली नाही, कारण महाविद्यालय मगध विद्यापीठाशी संलग्नही नव्हते आणि दंत परिषदेची मान्यताही त्याला नव्हती. अकरा विद्यार्थ्यांनी मिळून राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागितली. २००० साली आयोगाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संस्था सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेली, आणि १३ फेब्रुवारी २००९ रोजी न्या. दलवीर भंडारी यांच्या निकालपत्राने त्या वादाचा शेवट झाला. जाहिरात आणि अंतिम निकाल यांच्या दरम्यान जवळजवळ सोळा वर्षे लोटली. म्हणजे प्रवेश घेताना जो अठरा वर्षांचा होता, तो न्याय पदरात पडला तेव्हा चौतिशीला पोचला होता.

मान्यतेच्या खोट्या भरवशावरून आपल्या देशात जे खटले उभे राहिले, त्यांत हा खटला मला विशेष बोधप्रद वाटतो. कारण न्यायालय अशा प्रसंगी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी त्यात लख्ख दिसतात. न्यायालय फसवणाऱ्याला दोषी ठरवू शकते, घेतलेला पैसा व्याजासह परत देववू शकते, नुकसानभरपाईचा हुकूम करू शकते. परंतु जी मान्यता कधी नव्हतीच ती निर्माण करणे आणि तारुण्यातील गेलेली वर्षे परत देणे त्याच्या अधिकारात नाही. हा भेद ज्याला कळला त्याला हेही पटेल की, मान्यतेच्या खरेपणाची कसोटी दाव्याच्या वेळी नव्हे, तर प्रवेशाच्या वेळी लागली पाहिजे, आणि ती लावून दाखवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नव्हे, तर शुल्क घेणाऱ्या संस्थेवर असली पाहिजे.

मान्यता म्हणजे नेमके काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. ज्ञान कोणीही कोणालाही देऊ शकतो, आणि त्याला कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही. परंतु पदवी ही केवळ ज्ञानाची पावती नसून ती एक सनद आहे, आणि तिच्या बळावर मनुष्य दुसऱ्याच्या दातांवर शस्त्र चालवतो, न्यायालयात अशिलाची बाजू मांडतो वा पुलाच्या नकाशावर सही करतो. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला समोरच्या माणसाचे शिक्षण तपासण्याचे कोणतेही साधन नसते. त्याच्या वतीने ही तपासणी कोणीतरी अगोदरच केलेली असावी, म्हणून दंतवैद्य अधिनियम, १९४८ अस्तित्वात आला, भारतीय दंत परिषद स्थापन झाली, आणि मान्यताप्राप्त पदवी धारण करून राज्याच्या नोंदवहीत ज्याचे नाव दाखल झाले आहे त्यानेच हा व्यवसाय करावा असा निर्बंध आला. १९९३ च्या दुरुस्तीने हा निर्बंध आणखी कडक झाला. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून नवे दंत महाविद्यालय काढताच येऊ नये, अशी तरतूद त्या दुरुस्तीने अधिनियमात दाखल केली. ज्या वर्षी कायदा असा आवळला जात होता त्याच वर्षी पाटण्याची ती जाहिरात छापली गेली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सामान्य पालक ‘मान्यता’ हा एकच शब्द वापरतो. व्यवहारात मात्र त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली गोष्ट संलग्नता. पदवी देण्याचा अधिकार महाविद्यालयाला नसतो. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे तो केंद्रीय किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने तसा अधिकार ज्या संस्थेला खास बहाल केला आहे तिला असतो. म्हणून महाविद्यालयाने अशा विद्यापीठाशी संलग्न व्हावे लागते, आणि ही संलग्नता अभ्यासक्रमवार असते. त्याच आवारातील विज्ञान शाखा संलग्न असली म्हणून नव्याने उघडलेली व्यवस्थापनाची शाखा आपोआप संलग्न होत नाही.

दुसरी गोष्ट नियामक परिषदेची मंजुरी. तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आहे. ती १९४५ साली सल्लागार मंडळ म्हणून सुरू झाली आणि १९८७ च्या अधिनियमाने तिला वैधानिक अधिकार मिळाले. औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, वकिली, शिक्षक-प्रशिक्षण या प्रत्येक क्षेत्राला स्वतःची परिषद आहे. तंत्रशिक्षण परिषदेने दिलेल्या मंजुरीच्या पत्रात शैक्षणिक वर्ष, अभ्यासक्रम आणि प्रवेशाची कमाल संख्या नमूद असते. वैद्यक आणि दंतवैद्यक शाखांत तर एक सूक्ष्म भेद होता, आणि पुष्कळशी फसवणूक त्याच्याच आडोशाने वावरत आली: नव्या महाविद्यालयाला आरंभी परवानगी मिळे, तिचे नूतनीकरण दरवर्षी करून घ्यावे लागे, आणि पहिली तुकडी अंतिम परीक्षेपर्यंत पोचली म्हणजे मग त्या पदवीच्या मान्यतेचा विचार होई. पहिल्या तुकडीचा विद्यार्थी मान्यतेच्या नव्हे, तर परवानगीच्या आधारावर शिकत असे, आणि मधल्या एखाद्या वर्षी नूतनीकरण नाकारले गेले तर त्याच्या पायाखालची जमीन सरकत असे. दंतवैद्यकाच्या बाबतीत १९४८ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा अधिनियम संमत झाला; परंतु परवानगी आणि मान्यता या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, ही गोष्ट प्रत्येक पालकाने आजही मनात ठेवावी.

तिसरी गोष्ट गुणवत्तेचे मूल्यांकन, ज्याला शासकीय परिभाषेत ‘प्रत्यायन’ म्हणतात. १९९४ साली बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, स्थापन झाली. त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ उभारले. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते आणि ठराविक मुदतीपुरती असते. प्रत्यायन मंडळाचा शिक्का मात्र संस्थेवर नसून एकेका अभ्यासक्रमावर असतो. यंत्र अभियांत्रिकीला तो मिळाला असेल आणि त्याच महाविद्यालयातील संगणक अभियांत्रिकीला नसेल, हे सहज संभवते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अभियंत्याला हा भेद फार महाग पडू शकतो. कारण जून २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसंबंधीच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला असला, तरी त्या कराराचा लाभ प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक पदवीला नसून त्या कक्षेत येणाऱ्या प्रत्यायित अभ्यासक्रमांनाच आहे.

या तीन गोष्टी एकमेकींच्या जागी उभ्या करणे हेच मान्यतेविषयीच्या दिशाभुलीचे नित्याचे स्वरूप असते. निखळ असत्य छापण्याचे धाडस फार थोड्या संस्था करतात. बहुतेकांचे काम अर्धसत्याने भागते. अर्ज दाखल केलेला असतो, आणि मंजुरी मिळाल्याच्या आविर्भावात त्याचा उल्लेख होतो. मुदत संपलेली श्रेणी माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तशीच राहते. एका अभ्यासक्रमाचा शिक्का साऱ्या संस्थेच्या नावापुढे मिरवला जातो. त्याच न्यासाच्या दुसऱ्या शहरातील महाविद्यालयाची मान्यता या महाविद्यालयाच्या जाहिरातीत आणून बसवली जाते. किंवा परदेशी विद्यापीठाशी ‘सहकार्य’ असल्याचे सांगून त्या विद्यापीठाची पदवी हाती पडणार अशी आशा लावली जाते. अशा प्रत्येक जाहिरातीत एक गोष्ट हटकून गैरहजर असते, ती म्हणजे मंजुरीच्या पत्राचा क्रमांक, दिनांक आणि ते पत्र ज्या वर्षापुरते आहे ते वर्ष.

आता पाटण्याच्या खटल्याकडे परत वळू. विद्यार्थी ग्राहक आयोगाकडे गेले तेव्हा पहिला प्रश्न असा उभा राहिला की, विद्यार्थी हा ग्राहक आहे काय, आणि शिक्षण ही ‘सेवा’ आहे काय? विद्यादानाला आपल्या परंपरेने जे पावित्र्य दिले आहे ते पाहता गुरुशिष्यसंबंधाला खरेदी-विक्रीच्या चौकटीत बसवणे अनेकांना खटकेल, आणि ते खटकणे अनुचितही नाही. आयोगाने मात्र व्यवहाराचे खरे स्वरूप पाहिले. संस्थेने मोबदला घेऊन शिक्षण देण्याचे कबूल केले, विद्यार्थ्यांनी तो मोबदला भरला, आणि ज्या पदवीसाठी तो भरला तिची परीक्षासुद्धा संस्था घेऊ शकली नाही. तेव्हा मोबदल्याच्या बदल्यात शिक्षण देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ च्या अर्थाने सेवाच होय, विद्यार्थी तिचे ग्राहक होत, आणि संलग्नता व मान्यता नसताना ती असल्याचे भासवून प्रवेश देणे ही सेवेतील त्रुटी तर खरीच, शिवाय ती अनुचित व्यापारी प्रथाही होय, असा निर्णय झाला. घेतलेले शुल्क १२ टक्के व्याजासह परत करावे आणि शिवाय भरपाई द्यावी, असा हुकूम आयोगाने केला.

सर्वोच्च न्यायालय याच्याही पुढे गेले, आणि या निकालातील माझ्या मते सर्वांत लक्षणीय भाग तोच आहे. भरपाई वाढवून मिळावी म्हणून विद्यार्थ्यांनी उलट अपील केले नव्हते; नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पाहता, जो मागत नाही त्याला न्यायालय अधिक देत नाही. तथापि विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील दोन मोलाची शैक्षणिक वर्षे वाया गेली आणि संस्थेने त्यांना वर्षानुवर्षे खटल्यात गुंतवून ठेवले, हे ध्यानात घेऊन पूर्ण न्याय करण्याच्या भूमिकेतून न्यायालयाने प्रत्येक विद्यार्थ्याला आणखी एक लाख रुपये देण्याचा हुकूम संस्थेला केला आणि खटल्याचा खर्चही तिच्याच माथी मारला. वाया गेलेले वर्ष हे स्वतंत्र नुकसान आहे आणि केवळ शुल्क परत केल्याने ते भरून निघत नाही, हे तत्त्व या हुकुमात अंतर्भूत आहे. आणि मान्यतेच्या वादात अडकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या फिर्यादीत ते आजही आधाराला घेता येते.

परंतु येथे सहृदय वाचकाच्या मनात एक शंका सहज उद्भवेल. विद्यार्थी निर्दोष आहेत, त्यांनी अभ्यास केला आहे. मग न्यायालय विद्यापीठाला फर्मावून त्यांची परीक्षाच का घेववत नाही? पैसे देऊन बोळवण करण्यापेक्षा पदवी देववणे अधिक न्याय्य नव्हे काय? या शंकेचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात दिले आहे. एका शिक्षणसंस्थेने अल्पसंख्याकांच्या हक्काचे नाव पुढे करून विकाराबाद येथे सरकारच्या परवानगीवाचून वैद्यकीय महाविद्यालय उघडले होते, मुले दाखल करून घेतली होती, आणि त्या मुलांना उस्मानिया विद्यापीठाच्या परीक्षेला बसू द्यावे अशी विनंती न्यायालयापुढे आली होती. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने ती नाकारली. विद्यापीठ ज्या कायद्याने जन्माला आले तोच कायदा त्याने मोडावा असा हुकूम न्यायालय देऊ शकत नाही, हे त्या नकाराचे मर्म होते.

महाराष्ट्रालाही या तत्त्वाचा कठोर अनुभव आलेला आहे. १९८३ नंतर आपल्या राज्यात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले आणि त्या पाठोपाठ देणगीच्या प्रश्नाने इतके उग्र रूप धारण केले की १९८७ साली कॅपिटेशन शुल्काला मनाई करणारा कायदा करावा लागला. त्याच काळात शिक्षक-प्रशिक्षणाच्याही अनेक मान्यताहीन संस्था निघाल्या. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देण्याचा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ज्या संस्थेत ना पुरेशी जागा, ना साधने, ना शिक्षक, तेथून बाहेर पडलेला शिक्षक उद्या शेकडो मुलांच्या वर्गापुढे उभा राहणार आहे; त्याच्यावर दया करताना त्या मुलांवर अन्याय होतो, हा विचार त्या निर्णयामागे होता. हे सारे कठोर वाटले तरी योग्य आहे, असे मला मनापासून वाटते. कारण मान्यता ही संस्था आणि विद्यार्थी या दोघांमधील खाजगी बाब नाही, तिच्यात एक तिसरा पक्षकार असतो, आणि तो म्हणजे उद्याचा रुग्ण, उद्याचा अशील आणि उद्याचा विद्यार्थी. त्या अनुपस्थित पक्षकाराचे हित न्यायालयाला सोडून देता येत नाही. परंतु याचा अर्थ असाही होतो की, फसलेल्या विद्यार्थ्यापुढे पैशाखेरीज दुसरी कोणतीही दाद उरत नाही. आणि म्हणूनच ती दाद सुलभ आणि सत्वर असणे अत्यंत अगत्याचे ठरते.

दुर्दैवाने नेमक्या याच ठिकाणी कायद्याची वाट धूसर झाली आहे. पाटण्याचा निकाल झाला त्याच २००९ साली, अवघ्या काही महिन्यांनी, बिहारच्या शालान्त परीक्षा मंडळासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, परीक्षा घेणारे मंडळ हे वैधानिक कर्तव्य बजावते, सेवा विकत नाही, म्हणून परीक्षार्थी हा त्याचा ग्राहक नव्हे. २०१० साली महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात हाच विचार विद्यापीठाला लागू झाला. हे दोन्ही निर्णय परीक्षेच्या आणि विद्यापीठाच्या नियमांच्या संदर्भातील होते. मान्यता नसताना ती असल्याचे सांगून शुल्क उकळणारी खाजगी संस्था हा त्यांचा विषय नव्हता. तथापि पुढील काही आदेशांत या भेदाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, आणि २० जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय आयोगाच्या त्रिसदस्य पीठाने विनायक मिशन विद्यापीठाविरुद्धच्या प्रकरणात असा व्यापक निर्णय दिला की, खाजगी शिकवणी वर्ग सोडले तर शिक्षणसंस्था, त्यांच्या प्रवेशापूर्वीच्या आणि प्रवेशानंतरच्या कारभारासह, ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. या निर्णयावरील अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात विचारार्थ दाखल करून घेतले. अध्यापन चांगले की वाईट, गुणपत्रिका योग्य की अयोग्य, हे ग्राहक आयोगाने ठरवू नये हे मला मान्य आहे. परंतु ‘आमच्याकडे अमुक परिषदेची मंजुरी आहे’ हे विधान सत्य की असत्य, याचा निवाडा करण्यासाठी शिक्षणशास्त्राची गरज लागत नाही, एका पत्राची गरज लागते. शिकवणी वर्गाची खोटी जाहिरात जर ग्राहक आयोगापुढे येऊ शकते, तर महाविद्यालयाची का येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला दिसत नाही.

ग्राहक आयोगाचे दार बंद झाले असे गृहीत धरले तरी दिवाणी न्यायालयाचे दार उघडेच आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याची १७, १८ आणि १९ ही कलमे या प्रकारासाठीच जणू लिहिलेली आहेत. जाणूनबुजून असत्य सांगणे हा कपट. ते सत्य आहे असे समजून, पण आधार नसताना सांगणे हे मिथ्याकथन. आणि दोन्ही प्रसंगी ज्याची संमती अशा रीतीने मिळवली त्याला करार रद्द करण्याचा अधिकार. संस्थांकडून येणारी नेहमीची कैफियत अशी असते की, मान्यतेची यादी सर्वांना खुली आहे, विद्यार्थ्याने ती पाहिली नाही हा त्याचाच हलगर्जीपणा. १९ व्या कलमाला जो अपवाद जोडलेला आहे त्यावर ही कैफियत उभी असते: सामान्य दक्षतेने सत्य कळण्याजोगे होते तर करार रद्द करता येत नाही, असा तो अपवाद. परंतु तो मिथ्याकथनाला आणि कपटयुक्त मौनाला लागू आहे. ज्याने तोंडाने वा छापील अक्षराने धडधडीत कपट केले त्याला तो आडोसा देत नाही. ज्याने फसवले त्यानेच ‘तू फसलास कसा’ असे विचारावे, ही मुभा दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानेही ठेवलेली नाही.

मुदतीकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत फिर्याद दाखल करावी लागते; दिवाणी दाव्यात कपटाचा प्रश्न असेल तर मुदत कपट उघडकीस आल्यापासून मोजली जाते. अनेक विद्यार्थी ‘मान्यता येतेच आहे, थोडा धीर धरा’ या आश्वासनावर विसंबतात, आणि ती आश्वासने बहुधा तोंडी असल्यामुळे पुढे त्यांचा पुरावाही देता येत नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळची माहितीपुस्तिका, जाहिरातीचे कात्रण, संस्थेच्या संकेतस्थळावरील त्या दिवशीचा मजकूर, शुल्काची प्रत्येक पावती आणि कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. संस्थेला जे विचारायचे ते लेखी विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पाटण्याच्या प्रकरणात संस्थेच्या विरुद्ध जो सर्वांत बोलका दस्तऐवज होता तो दुसरा कोणताही नसून तिची स्वतःची छापील जाहिरात होती. समान तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येण्याचेही मोठे महत्त्व आहे. एकट्याची तक्रार गैरसमज म्हणून उडवून लावता येते, अकरा जणांचा गैरसमज एकाच शब्दांत कसा झाला याचे उत्तर संस्थेला द्यावे लागते.

फौजदारी कायद्याचा धाक या क्षेत्रात असावा तितका नाही. फसवणुकीचा गुन्हा दाखल करता येतो. परंतु अधिकार नसताना पदवी देणे किंवा ‘विद्यापीठ’ हे नाव धारण करणे यांबद्दल १९५६ च्या अनुदान आयोग अधिनियमाने जी शिक्षा ठेवली, ती अवघ्या एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, आणि नागपूरच्या एका तथाकथित अरबी विद्यापीठाचे नाव तीत वर्षानुवर्षे छापले गेले, यावरून यादी छापणे आणि दुकान बंद करणे यांत किती अंतर आहे ते कळते. उच्च न्यायालयांनी मात्र मनावर घेतले तेव्हा परिणाम झालेला आहे: देशभर मोठमोठ्या जाहिराती देणाऱ्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या संस्थेला सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या अभ्यासक्रमांच्या संदर्भात एम. बी. ए., बी. बी. ए. अशी नावे वापरण्यास मनाई केली. २०१९ च्या ग्राहक अधिनियमाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत, दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. हे हत्यार परिणामकारक आहे. ते महाविद्यालयांच्या मान्यतेच्या दाव्यांवर निःसंकोचपणे उगारले गेले पाहिजे.

आपल्याकडे गुंठाभर जमीन घेतानासुद्धा मनुष्य सातबाऱ्याचा उतारा पाहिल्यावाचून इसार देत नाही. मुलाच्या आयुष्याची चार वर्षे एखाद्या संस्थेच्या हवाली करताना तेवढी चौकशी करणे मुळीच अधिक नव्हे. पाहावयाचे ते इतकेच: ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा त्याचे नाव मंजुरीच्या पत्रात आहे काय, ते पत्र याच शैक्षणिक वर्षाचे आहे काय, त्यातील प्रवेशसंख्या किती आहे आणि आपला प्रवेश त्या संख्येत बसतो काय, विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत त्याच अभ्यासक्रमाची नोंद आहे काय, आणि ही माहिती संस्थेच्या कार्यालयात नव्हे, तर परिषदेच्या व विद्यापीठाच्या दप्तरातून पडताळून घेतली आहे काय. संस्थेने पत्राची प्रत देण्यास टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकाराखाली ती विद्यापीठाकडून मागता येते.

तथापि दक्षतेचा हा सारा उपदेश विद्यार्थ्याला करून आपण थांबलो, तर तो अन्यायच होईल. ज्या घरात महाविद्यालयाचा उंबरा ओलांडणारी पहिलीच पिढी आज प्रवेशासाठी रांगेत उभी आहे, त्या घराला परिषद, मंडळ आणि आयोग यांतील भेद ठाऊक नसणे हा त्याचा अपराध नाही. आणि मान्यतेचे पत्र ज्याच्या कपाटात आहे त्याने ते दाखवणे जितके सोपे आहे, तितकेच ज्याच्याजवळ काही नाही त्याने ते शोधत हिंडणे कठीण आहे. म्हणून कायद्याने असे ठरवून द्यावे की, प्रवेशाच्या प्रत्येक जाहिरातीत आणि शुल्काच्या प्रत्येक पावतीवर मंजुरीच्या पत्राचा क्रमांक, वर्ष आणि अभ्यासक्रम छापलाच पाहिजे. ज्या संस्थेने तो छापला नाही तिला मान्यता नाही असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार तिच्यावर टाकावा. आणि मान्यतेचा दावा खोटा ठरताच शुल्क, व्याज व वाया गेलेल्या वर्षाची भरपाई ठराविक मुदतीत देणे संस्थेला भाग पडावे. ग्राहक कायद्याने तक्रारीचा निकाल साधारणतः तीन महिन्यांत लागावा अशी अपेक्षा ठेवलेली असताना अकरा विद्यार्थ्यांना जाहिरातीपासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ सोळा वर्षे लागली. त्यांनी ती चिकाटी दाखवली म्हणून एक तत्त्व प्रस्थापित झाले. परंतु शिक्षणाची व्यवस्था विद्यार्थ्यांच्या चिकाटीवर नव्हे, तर संस्थांच्या सचोटीवर उभी असली पाहिजे, आणि ती सचोटी जेथे नसेल तेथे ती सक्तीने आणणे हे शासनाचे प्रथम कर्तव्य आहे.